पाच पायांचं पिल्लू

माझ्या लाल पेनाला अख्खी शाळा टरकून असते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. बावीस वर्षं मी चौथीला शिकवतोय. चूक दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो. आमच्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी पाहुण्यांसमोर खोडल्या होत्या, हे बायको अजून सगळ्यांना सांगत सुटते. आता चुका होत्या, त्याला मी काय करणार?

शाळेच्या मागे एक डबकं होतं. ते बुजवून मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, तिथे सायकलस्टँड करायचा होता. पालक डासांच्या तक्रारी घेऊन यायचे, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. मी मात्र हट्टाला पेटलो. चतुराची पिल्लं मोठी होईपर्यंत पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात, असं मी बाईंना सांगितलं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं. "मला आकडा द्या, सर. भरपूर असतील तर डबकं ठेवू. नाहीतर शनिवारी सहा तारखेला मातीचा ट्रक येतोय."

डबकं मला हवं होतं. पुस्तकातलं बेडकाचं चित्र दाखवून दाखवून मी विटलो होतो. इथे मुलं कपडे माखून घेत शिकत होती, आणि कधी नव्हे ते मीही डबक्यावर जायच्या गुरुवारची वाट बघायला लागलो होतो.

पाच गुरुवार मोजणी केली. वर्गाचे पाच गट होते. काठ एकाच कोपऱ्यात टणक होता, बाकी सगळा चिखल. म्हणून प्रत्येक गटाने पाळीपाळीने त्याच एका दगडावर उभं राहायचं, गाळणं फिरवायचं, सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचं, मोजायचं, चित्र काढायचं आणि जिथून घेतलं तिथेच अलगद सोडायचं. मग पुढचा गट. सोडण्याच्या बाबतीत मी फार कडक होतो. जीव आहे तो, खेळणं नाही, असं दर खेपेला बजावायचो.

बेरीज तेवीस आली. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "तेवीस म्हणजे पुष्कळ झाली की हो," म्हणाल्या आणि ट्रक नको म्हणून कळवते म्हणाल्या. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जरा जास्तच ताठ मानेने फिरलो.

संध्याकाळी राहिलेल्या वह्या घरी आणल्या. बायको घरीच कपडे शिवते. तिच्या कापायच्या टेबलावर मी वह्या पसरल्या म्हणून ती कुरकुरली, आणि बाजूला सारता सारता एक उघडून बघत बसली.

"अहो, याला पाच पाय कसे?"

"पोरं नीट बघत नाहीत. मी खोडलंय बघ. कीटकाला सहा पाय असतात."

तिने दुसरी वही उघडली, मग तिसरी. "सगळ्यांचा मागचा डावाच पाय कसा काय राहिला? आणि दर खेपेला फार तर एकच पिल्लू सापडलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एकच सदरा तेवीस वेळा मोजलात."

मी उरलेल्या वह्या भराभर उघडल्या. एका गटाने सोडलेलं पिल्लू पुढचा गट त्याच दगडावरून पुन्हा पकडत होता. अख्ख्या डबक्यात आम्हाला सापडलेलं पिल्लू एकच, लंगडं. मुलांनी ते पाच आठवडे मला चित्र काढून दाखवलं, आणि मी पाच आठवडे ते लाल शाईने दुरुस्त करत होतो.

सगळ्यात खाली एका मुलीची वही होती. सारखे प्रश्न विचारते म्हणून वर्ग तिला 'शंका' म्हणतो. पहिल्या तीन गुरुवारी तिने पाच पाय काढले होते, शेजारी माझी लाल फुली. पुढच्या दोन गुरुवारी सहा. सहावा पाय फार मन लावून काढलेला होता. ते पान मला बघवेना. डबकं जाणार याचं वाईट वाटलं, पण या पायाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी वह्या घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो.

"म्हणजे एक?"

"एकच."

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"नसतंच."

नव्याने मोजायला मी महिना मागितला. सोमवारी पालकसभा होती. "एका किड्याच्या जिवावर मी त्यांच्यापुढे काय उभी राहू, सर?" त्या म्हणाल्या आणि ट्रकवाल्याला फोन लावला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारी वर्गाला घेऊन डबक्यावर गेलो. निदान ते पिल्लू तरी शाळेच्या बागेतल्या पाण्याच्या टाकीत हलवू म्हटलं. या वेळी जे सापडेल ते बादलीत ठेवायचं, परत सोडायचं नाही. पाचही गटांनी गाळणं फिरवलं. पिल्लू काही सापडेना.

"सर, इथे," शंका म्हणाली.

गवताच्या एका काडीला पिल्लाची रिकामी कात चिकटली होती, पाठीवर उकललेली. मोठं होऊन, बाहेर येऊन ते उडून गेलं होतं. मुलांनी गर्दी केली. कोणीतरी पाय मोजले. पाच.

शंकाने वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि थांबली. मग माझ्या खिशाकडे बघत तिने विचारलं, "सर, सहाच काढू ना?"

मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की पाचच पाय होते, तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पाच पाय काढले. आणि मग वही माझ्यापुढे धरून, मी ती तपासायची वाट बघत उभी राहिली.