मोरचुदाची बरणी

बाइंडर त्या मांजरीला कधीही ‘आमची’ म्हणत नसे. म्हणायची वेळ आलीच तर ‘हिची मांजर’ म्हणे, म्हणजे बायकोची. चौदा वर्षांपूर्वी बायकोने ते भिजलेलं पिल्लू भाजीच्या पिशवीतून घरी आणलं, तेव्हाच त्याने बजावलं होतं, “घरात काय हवे ते लाड कर. पण माझ्या कारखान्यात हिचं पाऊल पडता कामा नये.”

पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब, एक लांब टेबल, पुठ्ठ्यांची चळत आणि शेगडीवर चिकटवायच्या खळीचं पातेलं. दुसऱ्याच दिवशी पिल्लाने चळतीवर बैठक मारली आणि कामावर नजर ठेवायला सुरुवात केली. शिवण चुकली की जांभई द्यायची. तिचं नाव मुकादमीण पडलं, आणि ते ठेवणारा बाइंडरच होता, पण हे तो कबूल करत नसे.

गेल्या आठवड्यात मुकादमिणीच्या पोटाखालची गाठ काढली. ऑपरेशन झकास झालं. नऊ टाके, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं, आणि डॉक्टरबाईंची ताकीद, “जखम स्वच्छ राहू दे. आणि खाण्याकडे लक्ष ठेवा.”

स्वच्छतेची बाजू बाइंडरने एकट्याने उचलली. कारखाना बंद केला, कागदाचे कपटे झाडून काढले, फरशी तीनदा धुतली, खळीचं पातेलं घासून पालथं घातलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, “जरा पाठ धरलीय.” पाठ अगदी ठणठणीत होती.

खाण्याची बाजू बायकोकडे. तिने मासा काटे काढून कुस्करला, कोंबडीचं सूप कोमट करून बोटावर दिलं, मऊ अंडंही करून पाहिलं. मुकादमीण येईल त्या बशीचा वास घ्यायची आणि नरसाळ्यासकट तोंड फिरवायची. मग कपाटाखाली जाऊन भिंतीकडे बघत बसायची.

तिसऱ्या संध्याकाळी डॉक्टरबाई फोनवर स्पष्टच बोलल्या. “इतक्या म्हाताऱ्या मांजरीने उपाशी राहणं बरं नाही, यकृत बिघडतं. उद्या संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं नाही तर दाखल करून नळी घालावी लागेल. या वयात तिला ते कितपत झेपेल, मी शब्द देऊ शकत नाही.”

“हिची मांजर आहे, हिलाच सांगा,” म्हणत बाइंडरने फोन बायकोच्या हातात कोंबला आणि कारखान्यात जाऊन स्वच्छ टेबल अर्धा तास पुसत राहिला. ती गेली तर त्या चळतीकडे बघायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल आले. त्यांच्या वाचनालयाचं काम वीस वर्षं बाइंडरकडे होतं, म्हणजे त्याचं निम्मं पोट त्यांच्यावर. त्यांनी अकरा पुस्तकं टेबलावर मांडली. प्रत्येकाची पाठ कुरतडलेली.

“शंभर वर्षं झुरळ शिवणार नाही, असं म्हणाला होतात. खरंय. शिवलं नाही. बसून जेवलंय.”

बाइंडरने ताठ मानेने फळीवरच्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. आत निळे चमकदार खडे होते. “मोरचूद! असलं जहर पोटात गेल्यावर झुरळ जगेल का? हा घातल्याशिवाय आमच्याकडे खळ उतरत नाही. तुमच्याकडची झुरळंच जास्त शिकलेली असणार.”

“मग आत्ता माझ्यासमोर करा. बघू तरी.”

आता पळवाट नव्हती. बाइंडरने पातेलं सुलटं केलं, मैदा पाण्यात कालवला, शेगडी पेटवली आणि घोटायला लागला. मग पाठीने बरणी झाकून, चिमूट धरून, मोठ्या ऐटीत पातेल्यावर हात झटकला. ग्रंथपालांचं समाधान झालेलं दिसलं. खळ रटरटली. तिचा ओलसर, कच्च्या पोळीसारखा वास खोलीभर पसरला आणि दारातून आत गेला. निवायला म्हणून बाइंडरने थोडी खळ पसरट वाडग्यात काढून खालच्या पाटावर ठेवली.

आत ठक्क आवाज झाला. पुन्हा ठक्क. नरसाळं दाराच्या चौकटीवर आपटत होतं. मुकादमीण दारात उभी राहिली. पोटावरचे केस भादरलेले, चाल डुगडुगती, पण नजर मात्र जुनीच. ती सरळ पाटाकडे गेली, खळ निवेपर्यंत फुंकर मारल्यासारखा वास घेत थांबली, मग नरसाळं वाडग्यावर पालथं घालून चपचप चाटायला लागली.

बाइंडर हातातला ब्रश विसरला. चौदा वर्षं हेच चाललं होतं. सकाळी बायको आत असताना खळ शिजायची, ही वाडग्याची कड चाटायची, आणि मग आत जाऊन न्याहारी करायची. त्याने फरशी धुतली, पातेलं पालथं घातलं, आणि तिची सकाळच बंद करून टाकली होती. आपण केवढे गाढव आहोत, असं त्याला वाटलं, आणि आनंदाने डोळे भरून आले.

तेवढ्यात बायको धावत आली.

“अहो! मोरचूद! विष आहे ते!” तिने मांजर उचलली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

डॉक्टरबाईंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. “मोरचूद पोटात गेला असेल तर असेच निघा. पोट रिकामं करावं लागेल. टाक्यांचं काय होईल ते नंतर बघू.”

बायकोने चपला शोधायला सुरुवात केली. बाइंडरने आधी ग्रंथपालांकडे पाहिलं, मग त्या अकरा पुस्तकांकडे, आणि मग बायकोच्या काखेतून वाडग्याकडे मान ताणणाऱ्या मुकादमिणीकडे.

“नाहीये,” तो म्हणाला.

“काय नाहीये?”

“मोरचूद. खळीत नाहीये.”

“आत्ता घातलात ना यांच्यासमोर?”

“हात झटकला. चिमूट रिकामी होती.”

“तिच्या जिवाशी खेळ आहे, खोटं बोलू नका!”

बाइंडरने बरणी काढून तिच्या हातात दिली. बायकोने फोन टेबलावर ठेवला आणि मांजर काखेत धरून झाकण फिरवलं. ते हलेना. ग्रंथपालांनी घेतली, लालबुंद होईपर्यंत जोर लावला. झाकण गंजून काचेला कायमचं चिकटलं होतं.

“चौदा वर्षं उघडलेली नाही,” बाइंडर मान खाली घालून म्हणाला. “ही आली त्या आठवड्यात ब्रश चाटताना दिसली. त्या दिवसापासून नाही घातला.”

मग फोन बोलला, “म्हणजे नुसता शिजवलेला मैदा? मग थोडी चालेल. पण खळीवर मांजर जगत नसते. त्यात मासा कुस्करा आणि खातेय तोवर खाऊ द्या.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे इतकी वर्षं तुमची मांजर आणि माझी झुरळं एकाच ताटात जेवतायत.”

“ही अकराच्या अकरा पुन्हा बांधून देतो,” बाइंडर म्हणाला.

“खळ कुठली लावणार?”

बाइंडरने मुकादमिणीकडे पाहिलं. काम जाणार, हे त्याला दिसत होतं. “हीच.”

ग्रंथपालांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. “बांधा. झुरळांचा बंदोबस्त मी करतो.”

बायकोने मांजर खाली सोडली आणि मासा आणून खळीत कालवला. मुकादमिणीने वाडगा पुसून काढला, मिशांना खळ लावून वर पाहिलं आणि बाइंडरच्या पायावर नरसाळं आपटलं. बायकोचं मात्र मांजरीकडे लक्षच नव्हतं. ती केव्हापासून नवऱ्याकडे बघत होती. तिने वाडगा उचलून त्याच्या हातात दिला.

“अहो, बघताय काय? तुमची मांजर भुकेली आहे. शिजवा आणखी थोडी.”