हात मांडीखाली

आमच्या यांनी बसवलेल्या, आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरमधून आग नसताना आजवर थेंबही गळला नाही, असा यांचा लौकिक. आमच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र कायम गळका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि शिडी सुटली. कंपनीचे मालक म्हणाले, "आता नव्या मुलांना शिकवा. पण त्याआधी शिकवायला शिका." शिकवण्याची परीक्षा हे पास झाले तर नोकरी, नाहीतर घरी. घरी म्हणजे दिवसभर माझ्या डोक्याशी! तेव्हा परीक्षा जितकी यांची, तितकीच माझीही होती.

पहिल्या खेपेला नापास. शिकाऊ मुलीने पाना उलटा धरला, तसा यांनी तो हिसकावला आणि "बघ, हे असं!" म्हणत स्प्रिंकलर बसवून मोकळे. परीक्षक बाई म्हणाल्या, "काम फक्कड झालं. पण ही काय शिकली? बाजूला सरकायला." पुन्हा एक संधी मिळाली, ती एका अटीवर. हत्याराला हात लावायचा नाही.

मला हसू आलं, मग रागही आला. आमच्या मुलालाही यांनी असंच कामावर नेलं होतं. तोही बाजूला सरकायलाच शिकला. सरकत सरकत परगावी गेला, आता चष्मे विकतो.

"नळावर सराव करा," मी म्हटलं. "मी तुमची शिकाऊ."

हे दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीवर बसले. मी नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळली, अर्थात उलटी. यांचे हात शिवशिवत असणार, कारण खुर्ची करकरायला लागली.

"अगं, तुला साधं..."

"अहो, परीक्षा!"

यांनी हात आणखी आत दाबले. "बरं. नळ फिरव आणि टेपकडे बघ. काय होतंय?"

टेप सुटत होती. मी ती काढली, उलट दिशेने गुंडाळली. दोनदा भिजले, पण नळ गळायचा थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझं काम मला पुरं करू दिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला नळापेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्याच मुलीच्या जोडातून पाणी ठिबकलं. हे मूग गिळून हातांवर बसून राहिले. चूक तिची तिलाच सापडली आणि आमचे हे पास झाले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. यांनी ऐटीत स्पीकर लावला. "पास झालो रे!"

"अरे वा! कसली परीक्षा होती, बाबा?"

"हात न लावण्याची. शिकणाऱ्याला चुकू द्यायचं, आपण गप्प बसायचं."

 मग तो म्हणाला, "बाबा, ही परीक्षा माझ्या वेळी असायला हवी होती."

उत्तर यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. यांचं उत्तर नेहमी तयारच असतं.  पण यांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले आणि म्हणाले, "बोल. ऐकतोय."