जळलेले पुए

कोहली साहेबांना नैनिताल बघायचं नव्हतं, चिवडायचं होतं. चर्च झालं, लाटसाहेबाचा बंगला झाला, आता म्हणे गोऱ्यांचं कब्रस्तान.

"साहेब, मेलेले कुठे पळून जात नाहीत. उद्या बघा की," मी म्हणालो.

"उद्या आपण रानीखेतला. आणि दीवान, तू ड्रायव्हर. तुला कसली एवढी घाई?"

घाई कसली! चैताचा शेवटचा दिवस होता. आम्हा कुमाऊंच्या लोकांत चैतात भावाने सासरी असलेल्या बहिणीला भिटौली पोचवायची, घरी तळलेल्या पुऱ्या, गोड पुए आणि साडी. तिने ते शेजारीपाजारी वाटायचं, म्हणजे तिला माहेर आहे हे गावाला कळतं. महिना उलटला की वरातीमागून घोडं. आजवर आईच सगळं करून माझ्या हाती द्यायची. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि यंदा कढईपुढे मी बसलो. पुए बाहेरून कोळसा, आतून कच्चे. डबा डिकीत होता, आणि माझी बहीण खष्टीदिदी बाजारामागच्या चढावर, तिच्या सासरी, वाट बघत होती.

साहेबांना कब्रस्तानाच्या फाटकाशी उतरवलं. "आलोच," म्हणालो आणि त्यांचं उत्तर ऐकायला थांबलोच नाही. बाजारात बालमिठाईचा, इकडच्या खव्याच्या मिठाईचा, खोका घेतला. डबा गाडीतच ठेवला. साडी आणि खोका घेऊन चढ चढलो.

दिदी दारातच होती. खोका बघून तिचा चेहरा उतरला.

"हे काय रे? हे तर टुरिस्टही नेतात."

"पुए केले होते गं. पण जळले. लोक हसतील तुला."

"तू केलेस?"

"मग आता कोण करणार?"

तिने खोका माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग खेकसली, "मग ठोंब्यासारखा उभा काय? जा, घेऊन ये!"

धापा टाकत डबा आणला. खिशात साहेबांचा फोन वाजत होता. वाजू दे म्हटलं. दिदीने झाकण काढलं, चाखूनसुद्धा बघितलं नाही. नवी साडी खांद्यावर टाकली आणि थेट शेजारच्या काकीच्या दारात जाऊन उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, घ्या. भिटौली आलीय."

काकीने पुआ उलटासुलटा करून पाहिला. "अगं, हा तर पार करपलाय."

"हो," दिदी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या भावाने केलेत. दोन घ्या."