फॅट उतरली, डिग्रीही उतरली

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात दूध संकलन केंद्र पहाटे साडेपाचला उघडायचं, पण काट्यावर पहिल्यांदा दूध चढायचं नाही. केंद्र चालवणारे कारभारी मोबाईल आणि किल्ल्या टेबलावर ठेवायचे, चपला काढायचे आणि स्वतःच काट्यावर उभे राहायचे. आकडा स्थिरावला की तो खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. फळा खरं तर दुधाच्या भावासाठी होता; पण गाव भावाआधी कोपरा वाचायचं.

"त्र्याऐंशी!" रांगेतलं कुणीतरी ओरडायचं. "तात्या, अजून थोडे उतरलात तर लग्नाचा सूट अंगात बसंल."

"आमच्या लग्नात सूट कुठला रं, धोतर हुतं," कारभारी म्हणायचे आणि खूश व्हायचे.

सात महिन्यांपूर्वी कोपऱ्यात अठ्ठ्याण्णव होते. साखर वाढली होती, जिना चढताना धाप लागायची. नगरच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. पोटावर सुईचं पेन टेकवायचं, दहापर्यंत मोजायचं, झालं. दुसऱ्या महिन्यापासून भूकच मेली. दोन भाकरी खाणारा माणूस चतकोरावर आला. बायकोने, शोभाताईंनी, वाटीभर पिठलं पुढे केलं तरी "नको, पोट भरलंय" म्हणून चहा-बिस्किटावर भागवायचा. डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला आणखी काही लिहिलं होतं. कारभारींनी पुढची बाजू तेवढी वाचली होती.

सगळं छान चाललं होतं, डिसेंबरातल्या त्या गुरुवारपर्यंत.

साडेसातला डेअरीवर दूध नेणाऱ्या गोरक्षनाथचा टेम्पो आला. चाळीस लिटरचा भरलेला कॅन दोन्ही कानांना धरायचा, गुडघ्यावर घ्यायचा आणि एका झोक्यात टेम्पोत ठेवायचा, हे काम कारभारी बावीस वर्षं एकट्याने करत आले होते. गावातली तरणी पोरं दोघं मिळून उचलायची, म्हणून तर त्यांचा रुबाब. त्या दिवशी कॅन गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. मग कलंडला. झाकण उडालं आणि अर्धं दूध फरशीवरून गटाराकडे निघालं.

कुणी हसलं नाही. कारभारींना तेच जास्त लागलं.

गोरक्षनाथने उरलेले कॅन चढवले. जाताना म्हणाला, "तात्या, उद्यापासून मी उतरून घेत जाईन. तुम्ही नका हात लावू."

"नका हात लावू" हे शब्द कारभारींच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिले. कॅन उचलता येत नसेल तर केंद्र चालवायचं कशाला? काट्याची बटणं दाबायला कुणीही चालेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं, केंद्र दुसऱ्या कुणाला तरी देऊन मोकळं व्हायचं.

"त्या सुईनं तुझं रगत शोषलंय," पंचाहत्तरीच्या आक्काबाईंनी निदान केलं. त्या रोज दोन्ही वेळा सहा लिटर दूध आणि भरपूर सल्ले घालायच्या. "फेक उकिरड्यावर. आमी काय सुया घेतल्या व्हय?"

रविवारी धनश्री आली. कारभारींची ही मुलगी नगरला फिजिओथेरपिस्ट होती. तिने आईकडून सगळं ऐकलं आणि संध्याकाळच्या संकलनाला थेट केंद्रात येऊन बसली.

"तात्या, या खुर्चीवर बसा. हात छातीशी घ्या. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता ते बघू."

"लोकांसमोर?"

"रोज लोकांसमोर वजन करता ना?"

दहाव्या वेळी कारभारी उठलेच नाहीत. मांड्या पेटल्या होत्या.

"बघ, म्हनलं हुतं ना? सुई!" आक्काबाई म्हणाल्या.

"आज्जी, सुईने तिचं काम केलंय," धनश्री म्हणाली. "तीन महिन्यांची सरासरी साखर पावणेनऊवरून साडेसहावर आलीय. ते काही सोपं नाही." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "तात्या, एखाद्याच्या दुधाची फॅट कमी लागली आणि डिग्रीपण कमी लागली, तर तुम्ही काय म्हणता?"

डिग्री म्हणजे दुधातली फॅट सोडून बाकी जे घट्ट असतं, प्रथिनं वगैरे, त्याचा अंदाज. केंद्रातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

"पाणी घातलंय म्हनतो," कारभारी उत्तरले.

"आणि फॅट कमी, पण डिग्री चांगली असली तर?"

"साय काढून घेतलेलं. दूध कसदार हाय, नुसती साय गेलीय."

"तुम्हाला साय काढायची होती. पण खाणं तोडलंत, हालचाल वाढवली नाहीत, म्हणून चरबीबरोबर स्नायूपण गेले. पंधरा किलो उतरले खरे, पण त्यात काय काय उतरलं, हे तपासलं कुणी?"

बावीस वर्षांत कारभारींनी कुणाचं दूध नुसत्या वजनावर घेतलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याच्या दुधाचाही नमुना काढला होता. आणि स्वतःला मात्र सात महिने नुसत्या काट्यावर पास करत आले होते!

"म्हंजी," आक्काबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "कारभाऱ्यात पानी हाय!"

सगळं केंद्र खदखदून हसलं, आणि गुरुवारपासून पहिल्यांदाच कारभारीही हसले.

त्या रात्री केंद्र देऊन टाकायचा विचार बाजूला ठेवून त्यांनी डॉक्टरांच्या कागदाची मागची बाजू वाचली. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी. रोज चालणं. आठवड्यातून तीन वेळा ताकदीचा व्यायाम. सगळं अगदी ठळक अक्षरात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी इंजेक्शन चालू ठेवलं, पण डोस वाढवला नाही. शोभाताईंनी हुलग्याची शेंगोळी, मोडाची मटकी आणि उकडलेली अंडी यांचा मारा सुरू केला. भूक नसली तरी कारभारी वाटी संपवू लागले. दुपारी पाझर तलावाच्या बांधापर्यंत चालणं ठरलं. शिवाय एक रिकामा कॅन बाजूला काढून त्यात दहा लिटर पाणी भरलं. दिवसाआड तो गुडघ्यापर्यंत, मग टेम्पोच्या उंचीच्या ओट्यावर, मग खाली. दर आठवड्याला अडीच लिटर पाणी वाढवायचं.

फळ्यावरचा कोपरा आता कंटाळवाणा झाला. त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, साडेब्याऐंशी. "तात्या, गाडी अडकली का?" लोक विचारायचे. कारभारींनाही पहिले काही आठवडे चुकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी वजनाशेजारी दुसरा रकाना आखला: "कॅन". दहा. साडेबारा. पंधरा. साडेसतरावर कंबर धरली तेव्हा धनश्रीने फोनवरून वाकायची पद्धत सुधारली, आणि तो आकडा तीन आठवडे हलला नाही. गावाने हळूहळू तोच रकाना वाचायला घेतला.

एप्रिलमध्ये एका सकाळी टेम्पो लागला. गोरक्षनाथ सवयीने खाली उतरला.

"बस जाग्यावर," कारभारी म्हणाले.

दुधाने भरलेला कॅन गुडघ्यावर आला, क्षणभर थांबला. गोरक्षनाथने खालून हात लावला.

"हात काढ."

हात निघाला. कॅन हलला, थोडा कललाही. पण झोका बसला आणि तो धप्पकन टेम्पोत गेला. झाकण जागच्या जागी. कारभारींना धाप लागली होती. त्यांनी खडू घेऊन चाळीसचा आकडा लिहिला, जरा मोठाच.

"व्हय, आज डिग्री लागली," आक्काबाईंनी मान्य केलं आणि आपली किटली पुढे केली. "आता माझं बघ."

कारभारींनी नमुना मशीनला लावला. "आक्का, फॅट तीन-दोन. कालच्यापेक्षा कमी हाय. भाव कमी पडंल."

"आता गं बया!" आक्काबाई कमरेवर हात ठेवून रांगेकडे वळल्या. "ह्याची फॅट उतरली तर गाव टाळ्या वाजवतंय, आन माझ्या गायीची उतरली तर हा भाव कापतोय!"