एकाला दोन

कमलिनीच्या हातातून बाटली निसटता निसटता राहिली. बाटलीवर तिच्याच अक्षरात ठसठशीत लिहिलं होतं: सल्फ्युरिक. आणि हिशोब मात्र तिनं हायड्रोक्लोरिकचा करून दिला होता!

अगं बाई, हे काय केलं मी?

कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी हायड्रोक्लोरिकवर गेलेली. लोखंडाचा गंज काढून उरलेलं आम्ल टाकीत यायचं. ती नमुना तपासायची आणि किती कॉस्टिक सोडा ओतला की त्याचं निव्वळ खारं पाणी होईल, ते सांगायची. आम्लाच्या एका मोलला सोड्याचा एक मोल. सरळ! पण स्टोअरमधलं हायड्रोक्लोरिक संपलं म्हणून या आठवड्यात सल्फ्युरिक आलं, आणि त्याच्या एका मोलला सोडा लागतो दोन मोल. हे तर शाळेतल्या पोरीलाही ठाऊक! पण हात सवयीनं चालला नि डोकं सोनागिरीतल्या आपल्या घरी भाजी निवडत बसलं. हवा त्याच्या निम्माच सोडा टाकीत पडला होता.

आणि टाकीवर आज ड्यूटीला कोण? तिचाच नवरा, विश्वनाथ. सोडा पडला की तळाचा अडकलेला व्हॉल्व्ह तो पाण्यात हात घालून पिळायचा. हातमोज्यांनी पकड बसत नाही म्हणून उघड्या हातानं.

चपला कुठे, पदर कुठे, कशाचंही भान न ठेवता ती धावत सुटली. "मॅडम, क्या हो गया?" हेल्पर ओरडला. ती थांबली नाही.

विश्वनाथ टाकीच्या कठड्यावर ओणवा झाला होता. बाही खांद्यापर्यंत वर, बोटं पाण्यापासून वीतभर.

"अहो, हात काढा! मागे व्हा आधी!"

तो दचकून मागे सरला. तिनं त्याच्या खिशातली लिटमसची पट्टी ओढली नि टाकीत बुडवली. निळी पट्टी लालभडक झाली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण पट्टी खिशात होती ना? मग बुडवली का नाहीत? नियम आहे ना तुमचा?"

"दुसऱ्या कुणाचा हिशोब असला की बुडवतो." विश्वनाथनं बाही खाली ओढली. "तुझा हिशोब तपासायचा म्हणजे मलाच कसंतरी वाटतं. आजवर कधी बुडवली नाही."

आजवर कधीच नाही! कमलिनीला आत्ता कुठे खरी धडकी भरली. त्याचा कोरडा हात तिनं घट्ट धरला, आणि सोडेचना.

"यापुढे माझ्यावर विश्वास ठेवलात तर याद राखा!"