ह्यांचे कान

“आई, काहीतरी बोला,” विजयश्री म्हणाली. “काहीही चालेल.”

सुमनताईंनी आधी सुनेकडं पाहिलं, मग टेबलावर ठेवलेल्या त्या बोटभर माइककडं. सकाळपासून हॉलच्या कोपऱ्यात नुसता वायरींचा पसारा होता. शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलं होतं आणि त्याच्या जागी टेबल, टेबलावर पडदा, पडद्यासमोर ज्योतीरामांची खुर्ची.

“काय बोलू?” त्या म्हणाल्या.

पडद्यावर अंगठ्याएवढ्या ठळक अक्षरांत उमटलं, काय बोलू.

ज्योतीराम पुढं वाकले. त्यांनी ती अक्षरं वाचली, बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा अक्षरांकडं पाहिलं.

“हे आत्ता तू बोललीस?”

सुमनताईंनी मान हलवली.

“मानेनं नको. तोंडानं सांग.”

“व्हय, मीच बोलले. आन् माझा सैपाक पडलाय.”

पडद्यावर आलं, होय मीच बोलले आणि माझा स्वयंपाक पडलाय.

“मी व्हय म्हणले,” सुमनताई सुनेला म्हणाल्या. “हे होय लिहितंय.”

ज्योतीरामांनी तेही वाचलं आणि ते पोट धरून हसले. “मशीन पुण्याचं दिसतंय,” ते म्हणाले.

ज्योतीरामांचं आयुष्य फोर्जिंगच्या कंपनीत हॅमरवर गेलं. लालभडक लोखंडावर हॅमर पडायचा तेव्हा पायाखालची जमीन हलायची, शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागायचं. कानात घालायचे बोळे त्यांनी कधी घातले, कधी घातले नाहीत. रिटायर व्हायच्या कितीतरी आधी कान गेले. कानामागचं यंत्र आणून पाहिलं, ते शिट्टी मारायचं, म्हणून कपाटात पडलं. मोबाइलवर लिहून दाखवायचं म्हटलं तर अक्षरं बारीक, आणि त्यांच्या बोटांची टोकं भट्टीनं अशी निबर केलेली, की काचेला बोट लागल्याचं फोनला कळायचंच नाही. सातवी शिकलेला माणूस, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा; पण घरातलं बोलणं त्याला बायकोनं ओरडून सांगावं तेव्हा कळायचं.

विजयश्री महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा तिनं एक मागून घेतला. कुणी बोललं की त्याची अक्षरं होतात, एवढं एकच काम तिनं त्यात ठेवलं. बाकी सगळं पुसून टाकलं. कीबोर्डवरच्या एका मोठ्या बटणावर हिरवी टिकली चिकटवली. “बाबा, हे दाबलं की ऐकायला सुरुवात. परत दाबलं की बंद. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, आणि लागला तरी काही बिघडत नाही.” गुरुवार होता, चाकणपासून चिखलीपर्यंत सगळ्या कंपन्यांच्या सुट्टीचा वार. खालच्या वर्कशॉपमधली लेथसुद्धा बंद होती. नवरा, रणजीत, ओव्हरटाइमला गेलेला. घरात ही तिघंच.

ज्योतीरामांनी हिरवी टिकली दाबून पाहिली, बंद केली, पुन्हा दाबली. हॅमरचा पेडल सांभाळलेला पाय आणि हात. एकदा कळलं की कळलं. विजयश्रीनं मोबाइलवर बातम्या लावून माइकपाशी धरल्या, त्या पडद्यावर धावू लागल्या. ज्योतीराम थोडा वेळ वाचत राहिले.

“म्हणजे फोनमधलं माणूससुद्धा लिहून येतंय?”

“हो बाबा. स्पीकर लावायचा, की झालं.”

“मग अर्जुनला लाव.”

सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. तिथंच थांबल्या.

अर्जुनराव म्हणजे ज्योतीरामांचे धाकटे भाऊ, करमाळ्याकडं गावी शेती बघणारे. ते दर सणाला फोन करतात, दादाची तब्येत विचारतात, शेंगा निघाल्या की पिशवी भरून एसटीनं पाठवतात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. रणजीतला माहीत होतं, विजयश्रीलाही लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. आणि यातलं काहीही खरं नव्हतं, हे फक्त सुमनताईंना माहीत होतं.

अर्जुनरावांच्या मुलीच्या लग्नात हे झालं. आहेर करायला अर्जुनरावांनी भर मांडवात मोठ्या भावाला हाक मारली. व्याह्यांच्या देखत मारली, दोनदा मारली. ज्योतीराम पाठ करून बसले होते, बसूनच राहिले. त्या वेळी ते अजून हॅमरवर होते, आणि ऐकू येत नाही हे कंपनीत कळलं तर उचलून झाडलोटीला टाकतील म्हणून त्यांनी बायकोला बजावून ठेवलं होतं, कुणापाशी बोलायचं नाही. गावातली पोरं त्याच कंपनीत कामाला होती. गावाला कळलं म्हणजे कंपनीला कळलं. सुमनताई गप्प बसल्या. निघताना अर्जुनराव त्यांना एवढंच म्हणाले, “दादाला आता आमची लाज वाटायला लागली. परत ह्या दारात येऊ नका.”

एसटीत बसल्यावर ज्योतीरामांनी विचारलं, “निघताना अर्जुन काय म्हणत होता गं?”

“सावकाश जावा म्हणले,” सुमनताईंनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

तिथून सुरुवात झाली. पुढच्या दिवाळीला ज्योतीराम फोनची वाट बघत बसले, तेव्हा त्या मोबाइल कानाला लावून गॅलरीत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “भावजींनी विचारलंय, दादा रात्री झोपतो का नीट.” पलीकडं कुणीच नव्हतं. त्यांनी खरोखरचा फोनही लावून पाहिला होता. अर्जुनरावांनी आवाज ओळखून ठेवून दिला. मग शेंगांचे दिवस आले की त्या पिंपरीच्या मंडईत जाऊन ताज्या शेंगा घ्यायच्या, घरच्या जुन्या कापडी पिशवीत भरायच्या आणि एसटी स्टँडवरून आणल्याचं सांगायच्या. रणजीतच्या लग्नाला अर्जुनराव आले नाहीत, तेव्हाही त्यांना ऐन वेळी ताप आल्याचं त्यांनीच सांगितलं. गावाला जायचा विषय ज्योतीराम स्वतःच टाळायचे. चारचौघांत बसून कुणाचं काही कळायचं नाही, त्यापेक्षा नकोच.

“आता रानात असतील ते,” सुमनताई म्हणाल्या. त्यांचं बोलणं तसंच्या तसं पडद्यावर आलं.

“रानात फोन नेत न्हाई व्हय? लाव गं विजू.”

“आई, नंबर तुमच्या फोनमध्ये असेल ना?”

सुमनताईंनी पदराला हात पुसून फोन घेतला. नाव शोधलं. नाव सापडल्यावर त्यांच्या मनात आलं, खालचा दुसराच कुठला तरी नंबर दाबावा, लागत नाही म्हणावं. आजचा दिवस जाईल. पण रोज कोण थांबवणार होतं? ज्योतीराम त्यांच्याकडं बघत होते, नवीन कपडे घालून बसलेल्या पोरासारखे. त्यांनी अर्जुनरावांचं नाव दाबलं आणि फोन माइकपाशी ठेवला.

हॅलो कोण बोलतंय, असं पडद्यावर आलं.

“अर्जुन, मी ज्योतीराम,” ते कान गेल्यापासूनच्या चढ्या आवाजात म्हणाले. “तुझं बोलणं मला इथं लिहून दिसतंय. बोल तू.”

पडद्यावर ज्योतीरामांचे शब्द वर सरकले. मग आलं, आता आठवण झाली होय दादा.

“आता म्हंजे? तुझी खुशाली कळतीच की मला. आन् औंदाच्या शेंगा लई गोड निघाल्या बघ.”

कसल्या शेंगा.

“तू पाठवलेल्या.”

मी काय पाठवलं नाही. भर मांडवात हाका मारल्या तेव्हा पाठ करून बसलास त्या दिवसापासून मला भाऊ नाही. आता काय थट्टा करायला फोन केला का.

फोनमधला आवाज चिरकलेला होता. पडद्यावरची अक्षरं मात्र मघाच्या स्वयंपाकाच्या अक्षरांएवढीच होती, तितकीच काळी. ज्योतीरामांनी ती सावकाश वाचली. ओठ हलवत एकदा, मग नुसत्या डोळ्यांनी एकदा. नंतर त्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं.

विजयश्रीला सगळं कळलं नाही, पण काहीतरी मोडतंय एवढं कळलं. तिनं फोन बंद करायला हात पुढं केला.

“राहू दे, विजू,” सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि त्या नवऱ्याच्या शेजारी, माइकच्या समोर बसल्या.

“भावजी, मी सुमन बोलतीय. फोन ठेवू नका. मागं ठेवला होता तसा ठेवू नका. मला एकदाच बोलायचंय आन् दोघांना एकदमच सांगायचंय.” त्या थांबल्या. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. “त्या दिवशी मांडवात ह्यांना तुमची हाक ऐकूच आली न्हाई. कान तवाच गेले होते. कंपनीत कळलं असतं तर हॅमरवरनं काढलं असतं, म्हणून ह्यांनी मला कुणाला सांगू दिलं न्हाई. पुढं सांगायला फोन केला तर तुम्ही ऐकून घेतलं न्हाई. आन् ह्यांना मी तुमचा राग कधी सांगितलाच न्हाई. तुमचा फोन आला म्हणून सांगत गेले. शेंगा मी पिंपरीतनं आणायचे. दोघांचाही दोष न्हाई. मधी मी होते.”

सगळं पडद्यावर उमटत गेलं, वरच्या ओळी सरकत गेल्या. ज्योतीराम ओळीमागून ओळ वाचत होते. त्यांचा चेहरा विजयश्रीला वाचता येईना.

पडद्यावर आलं, म्हणजे दादाला ऐकू आलं नव्हतं.

“न्हाई, भावजी.”

मग तेव्हाच सांगायचं होतं वहिनी. मी काय शत्रू होतो का.

 ज्योतीराम माइकजवळ सरकले.

“अर्जुन, हाक कुठनं मारली होतीस?”

मागून.

“मागनं मारलेली हाक मला तवा कळली न्हाई, आज बी कळत न्हाई. पुढनं आला असतास तर उठून आलो असतो. तुझ्या पोरीचं लग्न होतं ते.”

पडदा कोरा राहिला. फोनमधून आवाज येत होता, विजयश्रीला आणि सुमनताईंना तो ऐकू येत होता. पण एवढा शिकलेला कॉम्प्युटर, त्याला त्या आवाजाचं एक अक्षरही करता येईना. ज्योतीराम टिकली दाबायला निघाले, यंत्र बंद पडलं असं वाटून. सुमनताईंनी त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या डोळ्यांखाली बोट फिरवून दाखवलं. ज्योतीरामांनी हात मागं घेतला.

बऱ्याच वेळानं अक्षरं आली, जेवलास का दादा.

“न्हाई अजून. हिचा सैपाक पडलाय.”

त्या दिवशी ज्योतीराम बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन बसले. सुमनताईंनी भांडी घासली, पुन्हा घासली. विजयश्री जवळ येऊन म्हणाली, “आई, माझ्यामुळं झालं हे.”

“तुझ्यामुळं बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं कधी झालं नसतं.”

पुढच्या दिवसांत अर्जुनरावांचे फोन येऊ लागले, खरोखरचे. संध्याकाळी फोन वाजला की ज्योतीराम स्वतः टिकली दाबायचे आणि चष्मा सारखा करून बसायचे. अर्जुनराव मोटरीविषयी बोलत, पाइपलाइन फुटल्याचं सांगत, सरपंचाला शिव्या देत. दादा झोपतो का नीट, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ज्योतीराम मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मोटरीवर सल्ले द्यायचे. दूधवाला, शेजारच्या घरातले साने, बँकेतून येणारा माणूस, सगळ्यांना ते आता पडद्यासमोर बसवत. “बोला इथं,” म्हणत. साने तर स्वतःहून यायला लागले.

कुणी काही म्हणालं की पूर्वी ज्योतीराम बायकोकडं बघायचे. आता बघत नसत. सुमनताईंच्या हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं. त्या आत बसून भाजी निवडायच्या, आणि बाहेरचं हसणं ऐकायच्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी विजयश्री आणि रणजीत बाजाराला गेले होते. ज्योतीरामांनी आत येऊन बायकोच्या हातातली गवारीची परात काढून बाजूला ठेवली आणि तिला हॉलमध्ये नेऊन खुर्चीशेजारी बसवलं. टिकली दाबली.

“अर्जुनच्या नावानं सांगायचीस, ते सगळं तुझ्या मनाचं?”

सुमनताईंनी मान हलवली. मग आठवून म्हणाल्या, “व्हय.”

“मी रात्री झोपतो का, ते?”

“व्हय.”

“हॅमरवरनं उतरलो त्या दिवशी म्हणला होता, दादानं घर उभं केलं, आता त्यानं बसून खावं. ते बी तूच?”

“मीच.”

ज्योतीरामांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. “राग आला होता मला,” ते म्हणाले. “मग इचार केला, एवढं सगळं तू त्याच्या नावानं बोललीस. तुझ्या नावानं काय बोललीस? भाजी आणा, गोळी घ्या, दार लावा. एवढंच.”

“ओरडून आणखी काय सांगणार?” सुमनताई म्हणाल्या. “भिंतीला भिंत. आपलं बोलणं सान्यांच्या घरात जायचं.”

“आता तर ओरडायला लागत न्हाई.”

सुमनताई माइककडं बघत राहिल्या.  खाली कुणीतरी टेंपो मागं घेत होतं, तो आवाज त्यांनी थांबू दिला. मग त्या इतक्या हळू बोलल्या की शेजारी बसलेल्या माणसालाही कान द्यावा लागला असता.

पडद्यावर उमटलं, माझा गुडघा खूप दिवस दुखतोय.

ज्योतीरामांनी वाचलं. ते उठले, आतून पाट आणि वर ठेवायला उशी घेऊन आले. बायकोचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उशीवर ठेवला, टाच नीट टेकली का ते पाहिलं. मग खुर्चीत बसून, पडद्याकडं तोंड करून, पुढच्या ओळीची वाट बघत राहिले.