भिंतीला पहिलं भोक

किल्ली हातात आली त्या दिवशी आम्ही दोघं रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहिलो आणि बोलायची हिंमत होईना. हे खोकले, तर खोकला भिंतींवर आपटून परत आला.

"ऐकलंस? आपलं घर आहे," हे म्हणाले. तेही कुजबुजत.

आमचं इस्त्रीचं दुकान. राहतो दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत, लग्न झाल्यापासून. हे तळमजल्यावरचं घर, एक खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम, आम्ही राहायला घेतलं नव्हतं. भाड्याने द्यायला घेतलं होतं. उभं राहून राहून दोघांच्याही पायांच्या शिरा फुगल्या आहेत. उद्या इस्त्री उचलवेनाशी झाली की या भाड्यावर दोन घास खाऊ, एवढाच विचार. पण हप्ता दुकानातून जात होता आणि घर तिसऱ्या महिन्यातही ओस होतं. हा महिनाही तसाच गेला असता तर ते विकावंच लागलं असतं.

ओस राहिलं ते यांच्यामुळे. आम्ही जन्मात एकच घरमालक पाहिलेला, आमचा. त्याच्या खोलीत खिळा मारायला बंदी. आमचं घड्याळ अजून पिठाच्या डब्याला टेकून उभं असतं आणि आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला. तर आमचं घर बघायला कोणी आलं की हे दारातच सुरू व्हायचे, "चपला बाहेर. भिंतीला हात लावायचा नाही. खिळा तर अजिबात नाही." बोलताना हात पाठीमागे बांधायचे, थेट आमच्या मालकासारखे. माणसं "कळवतो" म्हणून फाटकाबाहेर पडायची, ती कायमचीच.

मग एक नर्स आली, आईला घेऊन. आईची डावी बाजू लकव्याने लुळी पडलेली. लेकीच्या खांद्यावर भार टाकत तिने घर पाहिलं आणि खिडकीपाशी थांबली.

"उजेड छान आहे हो, मालकीणबाई."

कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"घर पसंत आहे, काका," नर्स म्हणाली. "फक्त बाथरूममध्ये आईला धरायला एक दांडा बसवू द्या. खर्च मी करते. भिंतीला चार भोकं पाडावी लागतील."

यांचा चेहराच उतरला. "विचारून सांगतो."

"कोणाला?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"मी काही भिंत खाणार नाही," आई म्हणाली. "अहो, आजारी पडल्यापासून अंघोळीला लेक समोर उभी असते. पोटची पोर खरी, पण लाज वाटायची ती वाटतेच."

नर्स रविवारपर्यंत थांबायला तयार झाली. नाहीतर तिने दुसरी जागा बघून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी हे भर कामात दुकानातून गायब झाले. परत आले ते मान खाली घालून.

"कुठे गेला होतात?"

"मालकाकडे. त्याला एवढ्या वर्षांचा अनुभव."

"मग? काय म्हणाला?"

"एकाला भोक पाडू दिलंत की घराची चाळण होते, म्हणाला."

मी हातातली इस्त्री उभी केली. "आपल्या घराला भोक पाडायला त्याची परवानगी? मग आज जेवायचं की नाही, तेही विचारून यायचं होतंत."

"अगं, टाइल तडकली तर? नवीकोरी आहे."

"कागदावर माझंही नाव आहे. माझ्या अर्ध्यात पाडते भोकं."

"बाथरूम तुझ्या अर्ध्यात कधी आलं?"

"आत्ता."

हे हसले नाहीत. एकच कॉलर दाबत राहिले, ती पार पुठ्ठ्यासारखी होईपर्यंत. मग म्हणाले, "बोलाव प्लंबरला. पण मी समोर उभा राहणार."

रविवारी प्लंबरने मशीन भिंतीला लावलं आणि पुन्हा खाली घेतलं. "काका, तुम्ही बाहेर जा बघू. तुमचं तोंड बघून माझा हात थरथरतो."

हे गेले नाहीत. उलट दोन्ही तळवे टाइलवर दाबून धरले, जशी काही ती पळून जाणार होती. मशीन ओरडलं. यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ बसली. पहिलं भोक पडलं तेव्हा यांनी त्यात करंगळी घालून पाहिली. टाइल शाबूत होती. एवढ्या वर्षांत आम्ही कुठल्याच भिंतीला साधा खिळा मारला नव्हता. हे त्या भोकाकडे असे बघत होते, जणू त्यातून काही दिसत होतं.

"उरलेली तीन पाडू ना?" प्लंबरने विचारलं.

"पाड की! विचारतोस काय?"

दांडा बसला. नर्सची आई पुढे होणार, तेवढ्यात यांनी तिला थांबवलं. स्वतः तो दांडा धरला, गुडघे दुमडले आणि पाय उचलून सगळं अंग त्यावर टाकलं. लटकलेले, तोंड लाल, अंगभर धूळ. दांडा हलला नाही.

"आता धरा निवांत," म्हणाले.

आईने उजव्या हाताने दांडा धरला आणि लेकीचा खांदा सोडला. ती उभी राहिली. हलकेच डुलली, आणि उभीच राहिली.

"सगळे बाहेर," ती म्हणाली.

"कडी नको लावूस हं, आई."

दार मिटलं. आतून खडखड झाली. कडी एकदा चुकली, पुन्हा चुकली, मग बसली. नर्सचा हात दाराकडे गेला होता, तो तसाच हवेत राहिला. मग बादलीत पाणी पडायला लागलं, आणि त्या आवाजात आईचं गुणगुणणं.

आमच्याच घराच्या बंद दारापुढे आम्ही उभे होतो. प्लंबरसुद्धा हत्यारं आवाज न करता पिशवीत भरत होता.

"हळू चाल," हे माझ्या कानाशी कुजबुजले. आम्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बाहेर पडलो.